सकाळची पाळी

"भिंतीत काही दिसतंय का?" बाईंनी विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. इंग्रजी मला जहाजापुरतं येत होतं. दोर ओढ, दोर सोड, वर ये, खाली जा. भिंतीबद्दल कोणी विचारलं तर काय बोलायचं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. बाईंनी चहाचा कप खाटेजवळ ठेवला, दोन बिस्किटं ठेवली आणि चहाची ढकलगाडी तशीच वाटेत उभी करून खुर्ची ओढून बसल्या. पांढरे केस, जाड लोकरीचा स्वेटर आणि पायात चिखलाने माखलेले रबरी बूट. इस्पितळात असले बूट घालून आलेली बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मी जोन," त्या म्हणाल्या. "शाळेत शिकवायची. आता इथे चहा वाटते. मुलं बोलत नाहीत तेव्हा थांबायची सवय आहे मला."

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाजवळचं डनीडन शहर. तिथल्या बंदरात आमच्या जहाजावर लाकडाचे ओंडके चढवत असताना साखळी तुटली आणि एक ओंडका माझ्या उजव्या पायावर आला. जहाजाला थांबता येत नव्हतं. ते मला इस्पितळात ठेवून निघून गेलं. दाभोळ खाडीकाठचा मी, याकूब मुकादम, तिशी अजून गाठायची होती, आणि त्या वॉर्डात माझी भाषा बोलणारं एकही माणूस नव्हतं. घरी हाजरा होती. लग्नाला दोन वर्षं झालेली. तिला मी थोडं लागलंय एवढंच कळवलं होतं.

म्हणून मी भिंतीकडे तोंड करून पडायचो.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशीही आल्या. एकदा मी खिडकीबाहेर बघत होतो, तर म्हणाल्या, "आज भिंतीला सुट्टी? काय बघतोयस?"

"पाखरू," मी म्हटलं.

"ते सीगल आहेत."

"हे नाही. मोठं." मी दोन्ही हात पसरले. पाय वर टांगलेला होता, खाट करकरली. "इतकं मोठं. पंख हलवत नाही. जहाजाच्या मागे येतं. आज, उद्या, परवा, येतच राहतं. आम्ही त्याला पांढरा म्हणतो."

बाई उभ्याच राहिल्या. हातातली किटली तिरपी झाली आणि चहा फरशीवर सांडला, तरी त्यांचं लक्ष नाही.

"तू अल्बट्रॉस पाहिलेयस? समुद्रात?"

"किती तरी वेळा. पण बाई, ते राहतं कुठे? आम्ही त्याला कधी जमिनीवर पाहिलं नाही."

"आणि आम्ही त्याला जमिनीवरच पाहिलंय," त्या म्हणाल्या. "इथून तासाभराच्या आत. घरट्यात."

मग त्यांनी सांगितलं. बंदराच्या तोंडाशी एक टेकाड समुद्रात घुसलेलं आहे. तिथे हे पक्षी अंडी घालतात. सरकारी रखवालदार आहे, पण एकटा माणूस कुठे कुठे बघणार? म्हणून गावातली दहाबारा हौशी माणसं पाळीपाळीने तिथल्या लाकडी खोपीत बसतात, दुर्बिणीने घरट्यांवर लक्ष ठेवतात. कोण आलं, कोण गेलं, कुठे कुत्रं शिरलं, ते रखवालदाराला कळवतात. बाईंच्या बुटांचा चिखल तिथलाच होता.

त्या दिवशी मी चहा प्यायलो.

पुढच्या आठवड्यात जहाज कंपनीचा एजंट आला. बोलायला गोड. म्हणाला, तुला घरी पाठवायची सोय केली आहे, पुढचे उपचार तिकडेच होतील. डॉक्टर शेजारी उभे होते. त्यांनी मान हलवली. जखम चिघळलेली होती. रोज मलमपट्टी हवी, पुन्हा एक ऑपरेशन हवं. एवढ्या लांबच्या प्रवासात पाय हातचा जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. एजंटचं म्हणणं, इस्पितळ काही धर्मशाळा नाही, आणि बाहेर याला ठेवणार कोण?

बाई ढकलगाडी घेऊन दारातच उभ्या होत्या.

"राहायला घर आणि मलमपट्टी करणारं माणूस, एवढंच ना?" त्यांनी विचारलं.

"हो, पण कोणाकडे?"

"ॲलेककडे," बाई म्हणाल्या.

ॲलेकला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, हे मला फार नंतर कळलं.

ॲलेक म्हणजे टेकाडावर पाळी करणाऱ्यांपैकीच एक, रेल्वेतून निवृत्त झालेला उंच, हाडकुळा म्हातारा. टेकाडाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या शेवटी त्याचं घर. बायको वारलेली. त्याने मला गाडीतून उतरवलं, खांद्याचा आधार देऊन आत नेलं आणि एका खोलीचं दार उघडलं. खाटेवर जाड रजई, खाटेखाली जवळजवळ नवे बूट, भिंतीवर एका तरुणाचा फोटो. मासेमारीच्या बोटीवर उभा, हातात हाताएवढा मासा.

"कीथ," ॲलेक म्हणाला. "माझा मुलगा. बोट परत आली नाही." आणि लगेच, "बाथरूम उजवीकडे."

दुसऱ्या दिवशी न्याहारीला त्याने माझ्यासमोर अंडी ठेवली. मी कुठलं मांस खातो, कुठलं नाही, ते बाईंनी त्याला सांगून ठेवलं होतं. त्याने खिशातून रेल्वेतलं जुनं होकायंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"जोन म्हणते तुला दिशा लागते."

मी बघितलं. जवळजवळ पश्चिम. आमच्या गावासारखीच. पृथ्वीच्या पार तळाशी येऊनसुद्धा नमाजाला तोंड पश्चिमेलाच. मी होकायंत्र हातात घेऊन दोनदा फिरवून पाहिलं.

"आणि हे बघ," ॲलेक म्हणाला, "सकाळची पाळी तुझी."

"कसली पाळी?"

"टेकडीवर. घरट्यावर लक्ष ठेवायची. सगळे कामाला जातात, सकाळी माणूस मिळत नाही. तू रिकामाच आहेस."

तो ज्या तऱ्हेने हे बोलला ते मला आवडलं. अपघात झाल्यापासून सगळे दुखतंय का एवढंच विचारत होते. काम कोणी सांगितलं नव्हतं.

पहिले काही दिवस ॲलेकने गाडी थेट खोपीच्या दारापर्यंत नेली. मी कुबड्यांवर चार पावलं टाकून बाकावर बसायचो. आणि समोर, गवताच्या उतारावर, ते होतं. पिल्लू. आमच्या गावच्या एखाद्या मोठ्या कोंबड्याएवढं, अंगभर पिंजलेल्या कापसासारखी लव आणि मधूनच बाहेर आलेली चोच. आईबाप दूर समुद्रात, आणि हे एकटं गारांच्या पावसात बसलेलं. हलायचं नाही, ओरडायचं नाही. ज्याला समुद्रात कधी थकलेलं पाहिलं नव्हतं, त्याचं मूल असं मातीत बसून असतं, हे मला खरंच वाटेना.

पाचव्या की सहाव्या दिवशी सकाळीच वारा सुटला आणि बाप आला. पाठीमागून वाऱ्यावर तरंगत आला तेव्हा मी ओळखलं, हा तर पांढरा! पण उतरताना त्याचे पाय एकात एक अडकले आणि तो तोंडावरच पडला. मी मोठ्याने हसलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. समुद्राचा एवढा बादशहा, आणि जमिनीवर माझ्यासारखाच लंगडा. तो उठला, अंग झटकलं, डुलत डुलत पिल्लाकडे गेला, आणि पिल्लू त्याच्या चोचीवर टकटक करू लागलं. त्याच्या पायात हिरवी-पिवळी कडी होती. ओळखता यावं म्हणून लहानपणीच घालतात.

"बसल्या जागी खाणं येतं या पिल्लाला," मी ॲलेकला म्हटलं. "नवाब आहे हा."

"नवाब म्हणजे?"

मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून सगळी मंडळी त्याला नवाबच म्हणायला लागली.

मग एके दिवशी ॲलेकने गाडी फाटकाखालीच थांबवली.

"सरकारी लोकांनी फाटकाला कुलूप घातलंय," तो म्हणाला. "इथून चालावं लागेल."

"मला चालता येत नाही."

"मग इथेच बस. नवाबाला सांगतो, आज साहेब आले नाहीत."

चढ फार नव्हता, पण मला तो डोंगर वाटला. फाटकाच्या बाजूला माणूस जाण्यापुरती फट होती. मी तिच्यातून आत शिरलो आणि कुबड्या टेकत, दर पावलाला ॲलेकला माझ्या भाषेत शिव्या देत वर गेलो. तो मागून थर्मास घेऊन येत होता.

"काय म्हणतोयस?" त्याने विचारलं.

"दुआ करतोय."

"बरीच लांब आहे."

कुलूप काही निघेना. पुढे चिखल झाला म्हणून गाडी आणखी खाली राहिली. नंतर मेंढ्या विणार होत्या, त्यांना इंजिनचा आवाज चालत नव्हता. मग ॲलेकचं टायर खराब झालं, त्याला खडीवरून न्यायचं नव्हतं. दरम्यान माझं दुसरं ऑपरेशन झालं. जोनबाई रोज संध्याकाळी मलमपट्टीला यायच्या आणि पट्टी गुंडाळता गुंडाळता माझं इंग्रजी सुधारायच्या. दुखून मी ओरडलो तरी त्यातही व्याकरणाची चूक काढायच्या. एक कुबडी सुटली. मग दुसरीही सुटली आणि काठी आली. कीथचे बूट मला बरोबर बसले. ते घाल, असं ॲलेक कधी म्हणाला नाही. एका सकाळी ते पॉलिश करून दारापाशी ठेवलेले होते, एवढंच.

भर थंडीत हिरव्या-पिवळ्या कड्यांचा बाप यायचा थांबला.

आई यायची, भरवून जायची. आठवडा गेला, आणखी एक गेला. रखवालदार येऊन नवाबाचं वजन करून गेला. आई एकटी पुरी पडत नव्हती, तेव्हा तो मधूनमधून त्याला मासे भरवायला लागला. पिल्लू वाचेल, असं त्याने सांगितलं. पण ॲलेक दुपारी जाऊन बसायचा तो अंधार पडेपर्यंत दुर्बीण खाली ठेवायचा नाही. आणि ती दुर्बीण घरट्यावर नसायची, समुद्राकडे असायची.

एक दिवस मी मासळीचं कालवण केलं. ओलं खोबरं नव्हतं, डब्यातला सुका कीस भिजवून वाटला. कोकम नव्हतं, लिंबू पिळलं. ॲलेकच्या कपाळावर घाम आला, नाक गळायला लागलं, तरी त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग चमचा खाली ठेवून म्हणाला, "एक विचारू?"

"विचारा, चाचा."

"चाचा म्हणजे काय?"

"बापाचा भाऊ."

त्याने मान डोलावली. 

"ते पक्षी बोटीजवळ येतात तेव्हा काय करतात?"

मी सांगायला लागलो, की जहाजावरून टाकलेलं खरकटं खातात, वाऱ्यावर झुलतात. त्याने हात वर केला.

"ते नाही. वादळात."

मग मला कळलं तो काय विचारतोय. मी नीट आठवून, सावकाश, जोनबाईंनी शिकवलेल्या इंग्रजीत सांगितलं. पहिल्यांदा दक्षिणेच्या समुद्रात गेलो तेव्हाचं. डेकवरून पाणी जात होतं. मी स्वतःला कठड्याला दोराने बांधून घेतलं होतं आणि कलमा म्हणत होतो, कारण आता संपलंच असं वाटत होतं. तेव्हा तो बाजूला आला. अगदी माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. एवढा वारा, पण त्याला काही घाई नव्हती. पंख न हलवता जहाजाच्या बरोबरीने चालला होता आणि मान वळवून माझ्याकडे बघत होता. काळा, शांत डोळा. माझी भीती गेली असं म्हणणार नाही. पण मी एकटा आहे असं नाही वाटलं.

"सगळ्यांना असं वाटतं?" ॲलेकने विचारलं.

"बोलत कोणी नाही. पण सगळे त्याच्याकडेच बघत असतात."

ॲलेकने ताट उचललं, धुतलं, पुसलं, फडताळात ठेवलं. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, "बरं झालं सांगितलंस." दोन-तीनदा म्हणाला.

बाप काही परत आला नाही. पण त्यानंतर ॲलेकची दुर्बीण पुन्हा घरट्याकडे वळली.

थंडी सरत आली. एका सकाळी पाळी संपवून मी काठी टेकत खाली येत होतो, तर रखवालदाराची जीप फाटकातून सरळ वर आली.

"कुलूप काढलंत?" मी विचारलं.

"कसलं कुलूप?"

मी फाटकाकडे बोट दाखवलं. तो खाली उतरला, मला फाटक दाखवलं. तारेची एक कडी होती, खांबाला अडकवायची. "मी इथे लागल्यापासून एवढंच आहे," तो म्हणाला. "आणि तू सकाळी एवढा वेळ तिथे काय करतोस, हे मला विचारायचंच होतं. वारा चढल्याशिवाय हे पक्षी येत नाहीत. सकाळी पिल्लू झोपलेलं असतं. सकाळी तिथे कधी कोणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं."

संध्याकाळी जोनबाई पट्टी सोडायला आल्या. जखम भरलेली होती, आता नुसतं मालिश उरलं होतं. मी त्यांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला.

"डॉक्टर म्हणाले होते, रोज चालला नाही तर पाय लाकडासारखा होईल. आणि तू नर्सला म्हणालास, मी चालणार नाही, मला पडू द्या. आठवतं?"

आठवत होतं.

"मग आम्ही मीटिंग घेतली."

"माझ्यासाठी मीटिंग?"

"फार वेळ नाही लागला. चहा उकळायच्या आत संपली. गाडी कुठे थांबवायची ते ॲलेकने स्वतःवर घेतलं. दर रविवारी तो एकटा जाऊन जागा ठरवून यायचा. मेंढ्यांची कल्पना माझी," बाई जरा अभिमानाने म्हणाल्या. "टायरची त्याची. ती काही फारशी चांगली नव्हती."

 रोज सकाळी मला वर पोचवून ॲलेक खाली गाडीत काचा लावून पेपर वाचत बसायचा, आणि म्हणायचा सकाळी मला फार कामं असतात. दुआ समजून त्याने ऐकलेल्या त्या सगळ्या शिव्या मला आठवत होत्या. माझ्या वॉर्डात आपापलं काम करून शेकडो माणसं येऊन गेली असतील, कोणाचं काही चुकलं नव्हतं. पण अनोळखी मुलखातल्या एका खलाशाच्या पायासाठी गावातल्या दहाबारा माणसांनी एकत्र बसून खोटं बोलायचं ठरवावं, आणि ते महिनोन्‌महिने निभवावं! आज मी सत्तरीला आलोय. त्या पायावर पुढे किती तरी वर्षं दर्या केला, खलाशांवरचा सारंग होऊन उतरलो, आणि अजून मशिदीच्या पायऱ्या कोणाचा हात न धरता चढतो. नमाजात पाय दुमडून बसतो तेव्हा त्या माणसांची नावं आपोआप ओठांवर येतात.

दुसऱ्या सकाळी गाडी निघाली. टेकडीचा चढ जिथे सुरू होतो त्या अगदी तळाशी, डांबरी रस्त्यावरच, मी म्हटलं, "चाचा, गाडी इथेच थांबवा."

ॲलेकने ब्रेक दाबला. "इथे? का?"

"वर फाटकाला कुलूप आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग पुढच्या काचेतून बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"सरकारी लोक," तो म्हणाला. "त्यांचा भरवसा नाही."

आम्ही दोघं चालत निघालो. अर्ध्या चढावर त्याला धाप लागली. मी काठी त्याच्या हातात दिली आणि त्याचा दुसरा हात माझ्या खांद्यावर घेतला. खोपीत पोचलो तेव्हा तो म्हणाला, "ही जागा फार उंचावर आहे." तेवढंच.

सप्टेंबरच्या शेवटी वारा दक्षिणेकडून लागला आणि जोनबाईंनी सगळ्यांना बोलावून घेतलं. नवाबाची लव झडून गेली होती. मानेवर एक झुपका तेवढा राहिला होता. तो उताराच्या कडेला उभा राहिला आणि त्याने पंख उघडले. उघडतच गेले. वाऱ्याने त्याला उचललं, तो घाबरून खाली बसला. पुन्हा उभा राहिला.  मग तो धावला. धावताना अडखळला, मला वाटलं आता बापासारखा तोंडावर पडणार. पण त्याच्या पायांखालची जमीनच संपली, आणि तो पडला नाही.

बघता बघता तो लाटांवर एक ठिपका झाला.

"आता काही वर्षं त्याचा पाय जमिनीला लागणार नाही," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

"बोटींजवळ जाईल का?" ॲलेकने विचारलं.

"जाईल," मी म्हटलं. "आमची माणसं आहेत तिकडे."

त्याच आठवड्यात माझं विमानाचं तिकीट आलं. निघायच्या सकाळी उठलो तर ॲलेक घरात नव्हता. टेबलावर अंडी झाकून ठेवली होती आणि शेजारी माझ्यासाठी ते होकायंत्र. मी खाल्लं. कीथचे बूट पायात होतेच. जोनबाई गाडी घेऊन आल्या, माझी पिशवी मागे टाकली.

"चाचा?" मी विचारलं.

"टेकडीवर गेलाय."

"पण नवाब तर गेला. घरटं रिकामं आहे."

"मीही तेच म्हटलं त्याला," बाई म्हणाल्या. "तर म्हणाला, याकूब आज निघतोय, सकाळच्या पाळीला माणूस नको का?"